हारितीचा वाटा: बाळंतिणीच्या खोलीचा दीड हजार वर्षांचा इतिहास

१/२५
छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी सोयगाव तालुका आहे. जगप्रसिद्ध अजिंठा लेणी याच तालुक्यातील फर्दापूरजवळ आहेत. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या उजव्या हाताला एक छोटे उपमंदिर आहे. त्यात हारिती आणि तिचा पती पांचिक बसलेले आहेत. हारितीच्या मांडीवर मूल आहे आणि खालच्या पट्टीत खोडकर मुलांची रांग व छडी घेतलेला शिक्षक कोरलेला आहे. पर्यटक येथे छताची नक्षी पाहून पुढे जातात. हे उपमंदिर मात्र एका फार जुन्या भीतीचे स्मारक आहे. ती भीती म्हणजे जन्मलेले मूल जगेल की नाही याची. आजचा थ्रेड त्या भीतीच्या आणि तिच्याशी झुंजलेल्या स्त्रियांच्या इतिहासाविषयी.

२/२५
हारितीची कथा अशी. ती राजगृहाची यक्षिणी. स्वतःला शेकडो मुले असूनही ती नगरातील लोकांची मुले पळवून खात असे. बुद्धांनी तिचे सर्वांत धाकटे, लाडके मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवले. ती वेड्यासारखी शोधत फिरली, शेवटी बुद्धांकडे आली. एक मूल हरवल्याचे दुःख तुला असे होते, तर ज्यांची एक-दोनच मुले तू नेलीस त्यांचे काय, या प्रश्नाने ती बदलली आणि मुलांची रक्षणकर्ती झाली. त्या बदल्यात संघाने तिला एक वचन दिले. प्रत्येक विहारात तिच्या नावाचे अन्न रोज बाजूला काढले जाईल. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इ-त्सिंग या प्रथेची नोंद करतो. हे वचन लक्षात ठेवावे, कारण थ्रेडच्या शेवटी त्याचा संबंध येणार आहे.

३/२५
याच दुसऱ्या लेण्याच्या भिंतीवर मायादेवीचे स्वप्न आणि सिद्धार्थाचा जन्म रंगवलेला आहे. बौद्ध परंपरेनुसार पुत्रजन्मानंतर सातव्या दिवशी मायादेवीचे निधन झाले आणि बाळाला मावशी महाप्रजापती गौतमीने वाढवले. राजवाडा, दास-दासी, वैद्य हे सगळे असूनही बाळंतिणीचा पहिला आठवडा पार पडला नाही, असे ही कथा सांगते. एकाच लेण्यात मुले नेणारी आणि राखणारी देवता आहे, आणि सातव्या दिवशी निधन पावलेली आईही आहे. पाचव्या शतकातील श्रोत्यांना यात काहीच विशेष वाटले नसेल. असे प्रसंग त्यांच्या घरोघरी घडत होते.

४/२५
मराठी घरांत हीच भीती सटवाईच्या रूपाने टिकून राहिली. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते म्हणून दिवा जागता ठेवायचा, बाराव्या दिवशी बारसे करून नाव ठेवायचे. या विधींमागे अनेक अर्थ आहेत आणि त्यांचे एकच कारण सांगणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. समाजाला आयुष्यातील सर्वांत धोक्याचे दिवस नेमके ठाऊक होते. पहिला आठवडा जागून काढायचा असतो, हे ज्ञान परंपरेत होते. जागून नेमके काय करायचे, हे मात्र ज्ञात नव्हते.

५/२५
आधुनिक वैद्यक जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांना नवजात काळ म्हणते. पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या बालकांपैकी मोठा वाटा याच काळातला असतो, आणि त्यातही पहिल्या आठवड्यातला. कारणे मुख्यतः तीन: दिवस भरण्याआधी जन्म व कमी वजन, जन्मताना श्वास कोंडणे, आणि जंतुसंसर्ग. त्यातला एक संसर्ग म्हणजे धनुर्वात. नाळ विळ्याने किंवा दगडाने कापली, जखमेवर राख वा शेण लावले, की मातीतील जंतू शरीरात शिरत. ठणठणीत जन्मलेले, अंगावर पिणारे बाळ काही दिवसांनी दूध ओढेनासे होई, अंग ताठ होई आणि जाई. बहुतेकदा हे तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत घडे. पाचवी आणि बारसे याच पंधरवड्यात येतात.

६/२५
या खोलीत त्या काळी एकच जाणकार स्त्री असे: सुईण. ती बहुधा गावकुसाबाहेरची किंवा कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातीतली असे, कारण नाळ, वार आणि रक्त यांचा स्पर्श विटाळाचा मानला जाई. आडवे मूल हाताने ओळखणे, कळा सोसणाऱ्या बाईला धीर देणे, वार पडेपर्यंत थांबणे ही तिची कौशल्ये खरी होती. निर्जंतुक हत्यार, जंतुसंसर्ग, अतिरक्तस्राव यांबाबत तिच्यापाशी उत्तर नव्हते, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील प्रसूतिगृहांतल्या डॉक्टरांकडेही ते नव्हते. फरक एवढाच की पुढे डॉक्टरांना ते शिकायला मिळाले आणि सुईणीला शिकवण्याची जबाबदारी कोणी मनापासून घेतली नाही.

७/२५
या इतिहासातील सर्वांत परिचित मराठी नाव आनंदीबाई जोशी यांचे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो जेमतेम दहा दिवस जगला. स्त्रियांवर उपचार करणारी स्त्री डॉक्टर असती तर, हा विचार त्यांच्या मनात त्यानंतर बळावला. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले. भारतातील पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एकीच्या प्रवासामागे नवजात बाळाचा मृत्यू आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते. प्रत्यक्षात तो त्या काळच्या असंख्य स्त्रियांचा अनुभव होता.

८/२५
आनंदीबाई शिकत असतानाच, १८८५ मध्ये, लेडी डफरिन फंड स्थापन झाला. भारतीय स्त्रियांना स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि प्रसूतिगृहे मिळावीत हा त्याचा हेतू. मात्र रुग्णालये शहरांत उभी राहिली. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी आला. त्याचे उद्दिष्ट वेगळे होते: पारंपरिक सुईणींनाच प्रशिक्षण द्यायचे. प्रसूती घरातच होणार हे वास्तव मान्य करणारा हा महत्त्वाचा प्रयत्न होता. पुढील शंभर वर्षे आरोग्यधोरण याच दोन टोकांत हेलकावे खात राहिले. बाईला रुग्णालयात आणायचे, की ज्ञान तिच्या घरात न्यायचे?

९/२५
सुईणींचे प्रशिक्षण फार पुढे गेले नाही. वसाहतकालीन लेखनात सुईण नेहमी घाणेरडी, अडाणी, हट्टी अशी रंगवली जाते. मृत्यूचे खापर तिच्यावर फोडणे सोपे होते. दारिद्र्य, बालविवाह, वारंवारची बाळंतपणे, कुपोषण आणि कोसभर अंतरावरही दवाखाना नसणे यांचा हिशेब त्यात मागे पडे. दुसरीकडे भारतीय सुधारकांच्या नजरेतही तिच्या जातीचा अडसर होता. जिला कमी लेखायचे तिलाच शिकवायचे, अशी ती योजना होती. वर्गात आलेली सुईण दिवसभराची कमाई बुडवून येते, याचाही विचार क्वचितच झाला.

१०/२५
स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रश्नाचे पहिले मोठे मोजमाप झाले. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये समिती नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. ब्रिटिश भारतात १९३७ साली जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ वर्षाच्या आत दगावत होती. गर्भारपण आणि बाळंतपणाशी निगडित कारणांनी दरवर्षी सुमारे २ लाख स्त्रिया मरतात, असा समितीचा अंदाज होता. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे भोर समितीचे तत्त्व. पुरेशा प्रशिक्षित दाया तयार होईपर्यंत गावच्या सुईणींना शिकवून काम चालवावे, हेही तिने मान्य केले.

११/२५
१९५२ नंतर सामूहिक विकास कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे खेड्यात जिला आजही ‘नर्सबाई’ म्हणतात, ती याच काळातली. सोयगावचा भाग तेव्हा नुकताच निजामाच्या हैदराबाद संस्थानातून बाहेर पडला होता. जिल्ह्याच्या शहरात १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मराठवाडाभर ज्याला ‘घाटी’ म्हणतात ते हेच रुग्णालय. परंतु अजिंठा लेण्यांपासून ते सुमारे १०० किलोमीटरवर, मधे घाट. जळगाव त्याहून जवळ, पण जिल्हा वेगळा. एका नर्सबाईकडे अनेक गावे. कळा रात्री सुरू झाल्या की पुन्हा सुईणच.

१२/२५
या कोंडीतून वाट निघाली ती त्या काळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला शिकले आणि पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी, रस्ते नसलेला भाग. प्रशिक्षित परिचारिकांना गावांत ठेवण्याचा प्रयोग फसला. त्या गावात परक्या होत्या, एकट्या राहायला घाबरत होत्या, आणि गावातल्या बायका त्यांच्यासमोर मोकळ्या होत नव्हत्या. तेव्हा गावानेच निवडलेली, गावातच राहणारी बाई तयार करायचे ठरले.

१३/२५
या ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही परित्यक्ता. दर आठवड्याला जामखेडला यायचे, एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, शिकायचे आणि परत जाऊन गावात तेच शिकवायचे. एकाच पंगतीत बसणे हाच अभ्यासक्रमाचा पहिला धडा होता. नाळ स्वच्छ कापायची, बाळाला पहिला चीक पाजायचा, लस टोचून घ्यायची, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचे पाणी द्यायचे, गर्भारपणात पोटभर जेवायचे. १९७१ च्या सुमारास तेथील बालमृत्युदर हजारी १७६ होता. दोन दशकांत तो तिशीच्या खाली गेला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१४/२५
जामखेडचा प्रयोग लवकरच जगाच्या चर्चेत आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनीच उभारलेल्या आरोग्यव्यवस्थांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चीनच्या ‘अनवाणी डॉक्टरां’च्या जोडीने जामखेडचे प्रकरण होते. सप्टेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत संघातील आल्मा-आटा येथे झालेल्या परिषदेने ‘प्राथमिक आरोग्यसेवा’ हे जगाचे ध्येय ठरवले आणि स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांना त्यात अधिकृत स्थान दिले. मराठवाड्याच्या सीमेवरच्या एका दुष्काळी तालुक्यातील निरक्षर बायकांचे काम जागतिक धोरणाच्या पार्श्वभूमीत उभे होते. मराठी वाचकाला ही गोष्ट अजूनही फारशी माहीत नाही.

१५/२५
भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभर ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू केली होती. ती का मावळली, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. निवडलेल्यांत बहुसंख्य पुरुष होते, त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीचे दार त्यांच्यासाठी बंदच राहिले. निवडीत गावपुढाऱ्यांचा शब्द चाले. प्रशिक्षण थोडे, औषधांचा पुरवठा अनियमित, मानधन किरकोळ. जामखेडला कार्यकर्तीमागे रोज विचारपूस करणारी व्यवस्था होती, येथे ती नव्हती. ‘गावातला माणूस नेमला’ एवढ्याने भागत नाही. तो कोण आहे, त्याला कोण शिकवते आणि अडचणीत त्याच्या पाठीशी कोण उभे राहते, यावर सारे अवलंबून असते.

१६/२५
पुढचा अध्याय गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ संस्था सुरू केली. आरंभी लक्ष न्यूमोनियावर होते. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असेल तर धोका. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणीने हे ओळखायचे कसे? त्यासाठी एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी यांचे साधे श्वासमापक बनवले गेले. ठरावीक श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी धोक्याचा मणी आला तर औषध. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचा अहवाल आला. निरक्षरता हा अडथळा तिच्यात नसून उपकरणात होता, हे त्याने दाखवले.

१७/२५
तरीही नवजात बाळे दगावतच होती. त्या काळी बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि आजारी तान्हुल्याला घेऊन कोणी बाहेर पडत नसे. बाळंतीण आणि बाळ यांनी खोलीबाहेर पडायचे नाही, हा रिवाज. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवा प्रयोग आणि ४७ गावे तुलनेसाठी, अशी रचना झाली. प्रत्येक गावात थोडी शिकलेली एक स्त्री ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केली. ती प्रसूतीच्या वेळी सुईणीसोबत हजर राही, नंतर महिनाभर घरी भेटी देई, वजन व ताप मोजी, बाळाला उबेत ठेवायला शिकवी. १९९६ पासून जंतुदोष झालेल्या बाळांवर, आईवडिलांच्या संमतीने, जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि पोटातील औषध यांनी घरीच उपचारही सुरू झाले.

१८/२५
डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. आरंभी हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांचा विचार करता ही घट ६२ टक्क्यांची होती. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. खर्च दर बाळामागे सुमारे ५.३ डॉलर. शेवटच्या वर्षी काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. नवजात बाळ वाचवायला महागडा अतिदक्षता विभागच हवा, हा समज या आकड्यांनी मोडला. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आणला.

१९/२५
आक्षेपही गंभीर होते. डॉक्टर नसलेल्या, सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हाती सुई द्यायची? चुकीचे निदान, चुकीची मात्रा, प्रतिजैविकांचा गैरवापर यांचे काय? हे प्रश्न रास्त आहेत. गडचिरोलीतील यश काटेकोर प्रशिक्षण, वारंवार तपासणी आणि जवळच्या रुग्णालयाच्या आधारावर उभे होते. तोच आधार प्रत्येक तालुक्यात मिळेल याची खात्री नव्हती. म्हणूनच पुढे राष्ट्रीय कार्यक्रमात भेटी, वजन, ऊब, स्तनपान आणि धोक्याची लक्षणे एवढा भाग कार्यकर्तीकडे आला. इंजेक्शनचे काम मात्र नर्सबाईंकडे राहिले. मात्र दुसऱ्या बाजूचा प्रश्नही तितकाच खरा होता: जेथे डॉक्टर पोहोचतच नाही, तेथे पर्याय डॉक्टर आणि कार्यकर्ती यांतला नसून कार्यकर्ती आणि काहीच नाही यांतला असतो.

२०/२५
जगातील इतर गरीब प्रदेशांनीही हाच प्रश्न आपापल्या परीने सोडवला. पाकिस्तानात १९९४ मध्ये ‘लेडी हेल्थ वर्कर’ योजना आली. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात महिला गटांच्या मासिक बैठकांमुळे नवजात मृत्यू घटल्याचे २००४ मध्ये दिसले. बांगलादेशातील सिल्हेट आणि उत्तर प्रदेशातील शिवगढ येथील घरभेटींच्या प्रयोगांचे निष्कर्ष २००८ मध्ये आले आणि दोन्ही ठिकाणी घट लक्षणीय होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनाद्वारे जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात घरभेटी द्याव्यात अशी शिफारस केली. सटवाईच्या रात्री जागणाऱ्या घरात आता एक जाणकार बाई वजनकाटा घेऊन येऊ लागली.

२१/२५
भारतात १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि ‘आशा’ हे पद निर्माण झाले. साधारण हजार लोकसंख्येमागे एक. ती त्याच गावची सून, विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता, २५ ते ४५ वयाची असावी, असा निकष. १९७७ च्या चुकीतून एवढा धडा घेतलेला होता. २०११ मध्ये तिच्याकडे घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम आला. रुग्णालयात प्रसूती झाली तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा ६ भेटी. घरी झाली तर पहिल्या दिवसाची धरून ७. सर्व भेटी पूर्ण झाल्यावर एका बाळामागे २५० रुपये मोबदला ठरला.

२२/२५
सोयगाव तालुक्यात सोयगाव शहर सोडले तर बाकी सारी खेडी, तांडे आणि डोंगरकडेच्या वस्त्या. अशा भागात आशाताईंची एक भेट म्हणजे काय? हात धुवायचे. बाळाला झोळीच्या काट्यात ठेवून वजन घ्यायचे. अडीच किलोच्या खाली असेल तर भेटी वाढतात. काखेत तापमापक लावायचा. घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजायचे. नाळेवर काही लावले आहे का पाहायचे. आई जेवली का, अंगावरून जास्त जाते आहे का, ताप आहे का, हे विचारायचे. मग आजीशी बोलायचे: पहिल्या दिवशी अंघोळ नको, मध-बाळगुटी नको, शेगडीच्या धुरात कोंडू नका. ही शेवटची बोलणी सर्वांत अवघड, कारण त्या आजीने याच पद्धतीने पाच मुले वाढवलेली असतात.

२३/२५
१९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या संशोधक स्त्रियांनी मातामृत्यूंमागचे तीन विलंब मांडले: निर्णय घेण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. आशाताईंचे काम पहिला विलंब कमी करते. दुसरा रस्ते आणि रुग्णवाहिका यांवर अवलंबून. १०२ आणि १०८ क्रमांकांच्या गाड्यांनी त्यात फरक पडला आहे. तिसरा मात्र रुग्णालयातील डॉक्टर, रक्तसाठा आणि भूलतज्ज्ञ यांवर ठरतो. तेथे आशाताईंचा काही इलाज चालत नाही. मराठवाड्यातील ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न आणखी निराळा: गर्भारपणाची नोंद एका गावात, बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर. गावाला बांधलेल्या यादीत ती बाई सापडत नाही.

२४/२५
श्रेय वाटताना सावध असावे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये देशाचा नवजात मृत्युदर हजारी २० आणि महाराष्ट्राचा ११ होता. २०१५ मध्ये भारत माता-नवजात धनुर्वातातून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. यामागे लसीकरण आहे, मुलींचे शिक्षण आहे, लग्नाचे वाढलेले वय आहे, रुग्णालयातील प्रसूती आहेत, रस्तेही आहेत. एकट्या आशाताईंनी हे केले म्हणणे चूक. पण लस, रस्ता आणि रुग्णालय यांच्यापर्यंत बाळंतिणीला घेऊन जाणारी व्यक्ती वगळून हा इतिहास सांगणेही तितकेच चूक. जुनी सुईण मात्र या बदलात मागे पडली. तिचे हात रिकामे झाले आणि तिच्या अनुभवाची नीट नोंदही झाली नाही.

२५/२५
सरकारी कागदावर आशा आजही ‘स्वयंसेविका’ आहे. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. करोनाकाळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’साठी याच बायका दारोदार फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. त्याच्या आधीही, २०२१ मध्ये, आणि नंतरही, २०२३-२४ मध्ये, महाराष्ट्रातील आशांना वाढीव मोबदल्यासाठी संप करावा लागला.
प्राचीन कथाकारांना एक व्यवहार कळत होता. हारितीने मुले राखायची, तर तिच्या आणि तिच्या लेकरांच्या पोटाची सोय कोणीतरी करायला हवी. म्हणून तिचा वाटा रोज, न मागता, बाजूला निघे. त्याला ना देणगी म्हटले गेले, ना मानधन. तो करार होता. फर्दापूरच्या लेण्यात तो करार दगडात कोरलेला आहे. त्याच तालुक्यात तिसऱ्या दिवशीच्या भेटीला निघालेल्या बाईचा करार अजून कागदावरही पूर्ण उतरलेला नाही.
(समाप्त)